रिकाम्या जागेतील गायक

दोन ध्वनिक्षेपक भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढून परस्परांत सहा-सात फुटांचे अंतर राखून मांडावेत, त्या दोहोंपासून तितक्याच अंतरावर, म्हणजे समभुज त्रिकोणाच्या तिसऱ्या कोनाशी, श्रोत्याने स्वस्थ बसावे, आणि भीमसेन जोशी किंवा लता मंगेशकर यांनी गायिलेला एखादा अभंग लावावा, म्हणजे जो अनुभव येतो त्याची उपपत्ती पदार्थविज्ञानाने केव्हाच दिलेली असली, तरी त्यातील नवल तिने यत्किंचितही उणे होत नाही. स्वर डाव्या पेटीतून येत नाही आणि उजव्या पेटीतूनही येत नाही. तो दोहोंच्या मधोमध, जेथे भिंतीचा गिलावा आणि फार तर एखादी दिनदर्शिका यांखेरीज काही नाही, अशा रिकाम्या जागेतून येतो, आणि इतक्या निश्चितपणे येतो की डोळे मिटलेल्या माणसाला गायकाच्या मुखाकडे बोट दाखवण्यास सांगितले तर त्याचे बोट त्या रिकाम्या जागेकडेच वळते. जेथे कोणी नाही तेथे ऐकू येणारा हा गायक खरा मानावा की खोटा, हा प्रश्न मला केवळ यंत्रशास्त्राचा वाटत नाही. आमच्या बारामती-इंदापूरकडील बहुतेक घरांत हा गायक प्रकटच होत नाही, आणि तो का होत नाही याचा शोध घेता घेता श्रवण म्हणजे काय आणि श्रोत्याने बसावे कोठे, या प्रश्नांपाशी मनुष्य येऊन पोचतो. तेव्हा घरापासूनच आरंभ करावा हे बरे.

या दोन तालुक्यांतील जुनी घरे पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंतींची, लाकडी खांब-तुळयांची आणि माळवदाची असत. सोपा अंगणाकडे किंवा चौकाकडे उघडा असे, जमीन शेणाने सारवलेली असे, आणि बैठकीवर जाजम, लोड, तक्के असत. अशा वास्तूत उच्चारलेला शब्द काही मातीत मुरे, काही वस्त्रांत विरे, आणि उरलेला चौकातून वर निघून जाई. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहिलेले मोरोपंत (१७२९-१७९४) पुराण सांगत, तेव्हा त्यांच्या आर्येतील सूक्ष्म यमक शेवटच्या श्रोत्यापर्यंत शाबूत पोचत असेल, तर त्याचे थोडेसे श्रेय त्या काळच्या वास्तुरचनेलाही द्यावे लागेल, अशी माझी समजूत आहे. पुढे नीरा डाव्या कालव्याने या जिराईत मुलखाचा कायापालट केला, उसाबरोबर पैसा आला, आणि मातीच्या घरांची जागा सिमेंटच्या घरांनी घेतली. त्यात गैर काहीच नाही. दर पावसाळ्याच्या तोंडी माळवदावर ज्यांनी मातीची पाटी चढवली, त्यांना स्लॅबचे मोल दुसऱ्या कोणी सांगायला नको. परंतु गुळगुळीत गिलाव्याच्या चार समांतर भिंती, वर स्लॅब, खाली फरशी आणि खिडकीला काच, अशी जी दहा बाय बाराची खोली आता घरोघर झाली आहे, तीत एकदा शिरलेल्या ध्वनीला सहजासहजी वाट सापडत नाही. मध्ये उभे राहून टाळी वाजवावी, की ती टाळी दोन भिंतींच्या दरम्यान किणकिणत राहते. मुंबई-पुण्याच्या ध्वनिमुद्रणशाळांत भिंतींना शोषक फलक बसवतात, कोपऱ्यांत खर्जासाठी निराळा बंदोबस्त करतात. संसारी माणसाच्या बैठकीच्या खोलीत, जेथे देव्हारा, टीव्ही, पाहुणे आणि मुलांचा अभ्यास यांचा एकत्र मुक्काम असतो, तेथे तसले काही करणे बहुधा शक्य नसते, आणि माझ्या मते आवश्यकही नसते.

गायक मध्ये का दिसतो, किंवा अधिक नेमके बोलायचे तर मध्ये का ऐकू येतो, हे आधी पाहू. ध्वनी एका सेकंदात सुमारे ११३० फूट जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात एक फुटाहून किंचित अधिक. त्रिकोणाच्या कोनाशी बसलेल्या श्रोत्यापर्यंत दोन्ही पेट्यांचा ध्वनी एकाच क्षणी पोचतो, आणि मुख्य गायकाचा स्वर दोन्ही मार्गिकांत समसमान ठेवण्याचा ध्वनिमुद्रणात प्रघात असल्यामुळे, बुद्धी त्या दोन समान साक्षींवरून एकच गायक ठरवते आणि त्याला मध्यभागी बसवते. श्रोता एक फूट डावीकडे सरकला तर डावी पेटी उजवीपेक्षा सुमारे एक फूट जवळ होते, दोन ध्वनींत एका मिलिसेकंदाहूनही थोडे कमी अंतर पडते, आणि तेवढ्यावर गायक मध्य सोडून जवळजवळ डाव्या पेटीत जाऊन बसतो. ज्यांनी या विद्येचा पाया घातला ते इंग्रज अभियंते ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ च्या डिसेंबरात आपल्या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज केला, आणि अवघ्या साडेदहा वर्षांनी, युद्धकाळात विमान कोसळून, ते वारले. आज जगभर जेथे जेथे दोन पेट्यांतून एक गायक उभा राहतो तेथे तेथे त्यांचीच कल्पना राबते आहे.

भिंतींचे काय, याचे उत्तर हेल्मुट हास यांनी १९४९ च्या सुमारास ग्यॉटिंगेन येथे केलेल्या प्रयोगांत मिळते. एकच ध्वनी दोन दिशांनी थोड्या अंतराने आला, आणि ते अंतर साधारण एक ते तीस मिलिसेकंदांच्या आत असले, तर कान त्यांना दोन मानतच नाही. जो प्रथम आला त्याचीच दिशा तो प्रमाण मानतो, मागाहून आलेला काहीसा मोठा असला तरीही. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतींवरून परतणारे पहिले ध्वनी या मर्यादेच्या आतच असतात. म्हणजे निसर्गाने श्रोत्याच्या बाजूने निकाल अगोदरच देऊन ठेवला आहे: भिंती कितीही बोलल्या तरी अग्रमान मूळ वक्त्यालाच. मग बिघडते कोठे? बिघडते ते तीन ठिकाणी. पेटी भिंतीला किंवा कोपऱ्याला अगदी खेटली असली तर परावर्तन इतक्या लवकर येते की मूळ आणि प्रतिध्वनी यांतला अनुक्रमच पुसट होतो; एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार असले तर दोन साक्षी सारख्या राहत नाहीत; आणि खर्जाच्या प्रांतात तर हा न्याय चालतच नाही, कारण तेथे ध्वनीची एकेक लाट खोलीहूनही लांब असते. ५० हर्ट्झच्या नादाची तरंगलांबी साडेबावीस फूट भरते. दहा बाय बाराच्या खोलीत ती लाट प्रवास करीत नाही, ती खोलीभर ठाण मांडून बसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. शब्द दुरून कानाला कळतो कसा, हा आपल्या दर्शनांतील एक जुना आणि अत्यंत गंभीर तंटा आहे. न्याय-वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि कर्णविवराने मर्यादित झालेले आकाश हेच श्रोत्रेंद्रिय मानले; दूर उत्पन्न झालेला शब्द पाण्यातील लाटेमागून लाट उठावी तसा, किंवा कदंबाच्या कळीवर चहूबाजूंनी केसर फुटावेत तसा, शब्दातून शब्द उत्पन्न करीत कानापर्यंत येतो आणि तेथे भेटल्यावरच ऐकू येतो, असे त्यांचे म्हणणे. बौद्ध आचार्यांनी श्रोत्राला नेत्राप्रमाणेच अप्राप्यकारी, म्हणजे विषयाला न भेटता ग्रहण करणारे, ठरवले. कारण शब्द ऐकताना तो दुरून आणि अमुक दिशेने येतो हेही आपल्याला कळते, आणि कानाशी भिडलेलाच शब्द ऐकू येत असता तर तो कानातच ऐकू आला असता, अंगणात किंवा ओढ्यापलीकडे नव्हे. जैनांनी नेत्र व मन यांना अप्राप्यकारी मानून श्रोत्राला मात्र प्राप्यकारी ठेवले.

या तंट्यात दोन पेट्या एक असा दाखला दाखल करतात की जो त्या आचार्यांना उपलब्ध नव्हता. मध्यभागी कोणीही नसताना दिशा मात्र निःसंशय मध्यभागाची कळते. तेव्हा श्रोत्र तेथवर जाऊन काही ग्रहण करून आले असे म्हणताच येत नाही, कारण तेथे ग्रहण करण्याजोगे काही नव्हते. येथे नैयायिकांचा पक्ष बळकट होतो. पण त्यांचाही पक्ष जसाच्या तसा टिकत नाही, कारण दिशेचे ज्ञान कोणत्याही एका कर्णविवरातील आकाशात घडत नाही. डाव्या कानाला काय मिळाले आणि उजव्याला काय, यांतल्या अधिकात अधिक दोन-तृतीयांश मिलिसेकंदाच्या फरकाचा ताळा घालून ते ज्ञान अंतःकरणात सिद्ध होते. दिशा ही वस्तूत नाही, इंद्रियातही नाही. ती दोन साक्षींच्या जुळणीत आहे. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिव-शक्तीचे ऐक्य सांगताना दोन ओठांचे बोलणे एक आणि दोन डोळ्यांची दृष्टी एक, अशा जातीचे दाखले दिले आहेत, दोन पेट्यांसमोर बसून ते प्रकरण वाचणाऱ्याला त्या दाखल्यांची सत्यता शरीराने कळते.

मग हा मधला गायक भ्रम म्हणावा काय? भ्रम म्हणताच रज्जुसर्प आठवतो. परंतु दोरी ओळखली की साप नाहीसा होतो, आणि येथे तर मध्ये कोणी नाही हे पूर्णपणे ठाऊक असूनही गायक जागचा हलत नाही. वेदान्त्यांनी भ्रमाचे निरुपाधिक आणि सोपाधिक असे दोन प्रकार केले आहेत ते यासाठीच. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा नाही हे कळले तरी जास्वंद दूर होईपर्यंत तो तांबडाच दिसतो. आरशातील मुखाचेही तसेच. आणि त्या मुखाविषयी पुन्हा वेदान्त्यांत दोन पक्ष आहेत. आभासवादी म्हणतात की प्रतिबिंब मिथ्याच. विवरणकार प्रकाशात्म्यांच्या परंपरेतील प्रतिबिंबवादी म्हणतात की प्रतिबिंब बिंबाहून निराळे नाही. मुख खरेच आहे, ते आरशात आहे एवढेच खोटे. मला या प्रकरणी हा दुसरा पक्ष मान्य करावासा वाटतो. अभंग गाणारा गायक कधीकाळी एका खोलीत श्वास घेत उभा होता, त्याचा खर्ज, त्याचा दम, समेवर येताना त्याने घेतलेली उसंत, हे सर्व घडलेले आहे. तो माझ्या भिंतीसमोर उभा आहे एवढेच घडलेले नाही. स्वर सत्य आहे, स्थान मिथ्या आहे. आणि नवल असे की त्या मिथ्या स्थानाची जितकी काळजीपूर्वक व्यवस्था लावावी, तितका तो सत्य स्वर अधिक स्वच्छ कळतो.

इंदापूर तालुक्यात याच्या अगदी उलट असा एक दाखला आहे. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे प्राचीन मंदिर बुडाले. वर्षाचे अनेक महिने तेथे पाण्याखेरीज काही दिसत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की शिखर आणि मग मंडप उघडा पडतो. जे आहे ते दिसत नाही म्हणून नाही ठरत नाही, हे तेथील कोळ्याला आणि शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग जे ऐकू येते ते त्या जागी नाही म्हणून सर्वथा नाही, असे तरी घाईने का ठरवावे?

स्थानाची व्यवस्था कशी लावावी, ते आता विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते श्रवणाच्या साधनेचा हाच भाग सर्वांत उपेक्षित आहे आणि त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. प्रथम श्रोत्याने आपली जागा निवडावी, पेट्यांची नंतर. दहा बाय बाराच्या खोलीत, जर लांबी बारा फूट असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झचा नाद लांबीच्या दोन भिंतींत ठाण मांडतो. त्याचा जोर भिंतीशी सर्वांत अधिक आणि बरोबर मध्यावर सर्वांत कमी असतो. म्हणून मागच्या भिंतीला पाठ लावून बसणारास मृदंगाची डावी बाजू घुमघुमीत आणि फुगलेली ऐकू येते, आणि खोलीच्या नेमक्या मध्यावर बसणारास ती हरवल्यासारखी वाटते. दोहोंच्या दरम्यान कोठेतरी आसन घालावे. रुंदी आणि छताची उंची दोन्ही दहा फूट असतील, आणि आमच्याकडे त्या बहुधा असतातच, तर ५६ हर्ट्झच्या आसपास दोन दोष एकमेकांवर चढतात. अशा खोलीत पेट्या कोपऱ्यात कदापि ठेवू नयेत. दुसरे म्हणजे श्रोत्याने पेट्यांच्या जवळ बसावे. अंतर निम्मे केले तर सरळ येणाऱ्या ध्वनीचा दाब दुप्पट होतो आणि खोलीभर घोटाळणारा ध्वनी जवळपास आहे तितकाच राहतो. सात फुटांचा त्रिकोण पाच फुटांचा केल्याने जेवढा लाभ होतो तेवढा भिंतींवर पुष्कळ खर्च करूनही पुष्कळदा होत नाही. सान्निध्याचे माहात्म्य सर्व संतांनी गायिले आहे. येथे ते मोजताही येते.

तिसरी तजवीज समतेची. ज्या भिंतीसमोर पेट्या मांडायच्या तिच्या डाव्या-उजव्या अंगांना शक्यतो सारखी परिस्थिती असावी, आणि ती नसेल तर दोष ज्या बाजूस असेल त्या बाजूसच उपाय करावा. उपायाची नेमकी जागा आरसा दाखवतो: श्रोत्याने आपल्या आसनावर बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवत न्यावा, आणि बसलेल्याला ज्या बिंदूवर ध्वनिक्षेपक आरशात दिसेल तेथून पहिले परावर्तन येते असे समजावे. वेदान्त्यांचा आरसा येथे अक्षरशः कामास येतो, कारण गुळगुळीत भिंत हीही ध्वनीचा आरसाच आहे, आणि त्या आरशात उभे असलेले अनाहूत गायक मधल्या गायकाचे रूप मलिन करीत असतात. त्या बिंदूवर पुस्तकांचे कपाट सरकवावे, जाड पडदा सोडावा, किंवा घोंगडी टांगावी. घोंगडीचा उल्लेख मी हौसेने करीत नाही. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची ती जाड, खरबरीत वीण वरच्या पट्टीचे परावर्तन चांगले शोषते, विशेषतः भिंतीपासून चार बोटे सोडून टांगली तर. आणि ती आमच्या मुलखात अजून मिळते. फरशीवर, पेट्या आणि श्रोता यांच्या दरम्यान, सतरंजी किंवा गोधडी अंथरावी. यांपैकी कशानेही खर्ज आटोक्यात येणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. साडेबावीस फुटांच्या लाटेला घोंगडीची क्षिती नसते. तिच्यावर अंमल चालतो तो जागेचाच: पेटी वीतभर पुढे, आसन वीतभर मागे, आणि पुन्हा ऐकणे. हे सारे एका बैठकीत साधत नाही, घाई केल्यास मुळीच साधत नाही, आणि साधले म्हणजे भिंत विरून तिच्या पलीकडे खोली लांबवर पसरल्याचा जो प्रत्यय येतो तो एखाद्याने सांगून दुसऱ्याला द्यावा असा नसतो.

येथवर सर्व ठीक आहे; पण या व्यवस्थेवर एक आक्षेप आहे आणि तो मला फार दिवस सतावतो. त्रिकोणाला तिसरा कोन एकच. मधला गायक एकाच श्रोत्यासाठी उभा राहतो. शेजारी बसलेल्या पत्नीला किंवा वडिलांना तो एका पेटीत कोंडलेला ऐकू येतो. भागवताने नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान दिले, परंतु ज्या परंपरेत हे अभंग जन्मले तिच्यात एकट्याने ऐकण्याची कल्पनाच नाही. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, पुढे सणसर, बेलवाडी, इंदापूर आणि सराटी करीत ती नीरेकडे जाते. त्या वाटेवर दिंडीच्या भजनात टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे असतात आणि दोन रांगांच्या मध्ये वीणेकरी व मृदंगवादक असतात. दोन्ही बाजूंनी नाद आणि मध्ये गाणारा, हीच तर आमच्या खोलीतील मांडणी. फरक इतकाच की तेथे मधली जागा भरलेली आहे, माथ्यावर छत नाही, बाजूला भिंत नाही, आणि उत्तम आसन असे कोणाचेच नाही. जो रांगेत आहे तो गातही आहे आणि ऐकतही आहे.

मग घरातील एकांतश्रवण हा विषयोपभोगच म्हणायचा काय? तसे मला वाटत नाही. शब्दाचा अर्थ मनात ठसण्यासाठी शब्द आधी निर्मळ पोचावा लागतो, आणि ज्याने गायकाचा श्वास ऐकला त्याने अभंगातील आर्तताही अधिक ऐकली, असे मी अनुभवाने म्हणू शकतो. पण आक्षेप यामुळे पुरता फिटत नाही, हेही खरे. त्यावर मार्ग दाखवणारी एक गोष्ट मला ध्वनिशास्त्राच्याच इतिहासात सापडली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्दच कळेनात, तेव्हा वॉलेस सबाइन नावाच्या तरुण अध्यापकाकडे ते काम सोपवण्यात आले. त्याने रात्रीच्या निवांत वेळी शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या उचलून आणून, ऑर्गनची नळी वाजवून, ती थांबल्यावर नाद किती वेळ रेंगाळतो हे केवळ कानाने आणि घड्याळाने मोजले. त्या मापनांतून निघालेल्या नियमाने पुढे सभागृहांचे शास्त्र उभे राहिले. त्यात त्याने हेही मोजले की उघडी खिडकी ध्वनी पूर्णपणे घेऊन जाते, आणि बसलेला मनुष्यही, आपल्या वस्त्रांसह, पुष्कळ ध्वनी शोषतो. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे बसली की टाळीचा किणकिणाट उरत नाही. बाजूला बसलेले शेजारी भिंतींचे बरेचसे परावर्तन स्वतःत जिरवतात, आणि मध्ये बसलेल्याला गायक एरवीपेक्षा स्वच्छ ऐकू येतो. ज्यांना स्वतःला तो मध्ये दिसत नाही, त्यांच्याच देहांमुळे तो दुसऱ्याला दिसतो.

म्हणून एकादशीच्या रात्री जी मंडळी जमतात त्यांच्यासाठी दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, सतरंजी भिंतीपर्यंत पसरावी, आणि तिसऱ्या कोनाचे आसन प्रत्येक अभंगाला बदलत जावे: आधी घरातील आजोबांना, मग माहेरी आलेल्या लेकीला, मग शेजारच्या शाळकरी मुलाला, आणि ज्याने पेट्या मांडल्या त्याने सर्वांत शेवटी, जागा शिल्लक राहिली तर.